रेडा, शीव आणि साठ चिंचोके

भात निसवलंय. माळ्यावर राखणीला बसलेल्या गंगाक्काला मध्यरात्री घुंगरांचा आवाज येतो, आणि सकाळी बघावं तर अर्धा एकर भात आडवं. चिखलात खूर रेड्याचे, पण दोन पावलांतलं अंतर बघून म्हातारी माणसं गप्प होतात. बारा वर्षांपूर्वी देवीच्या नावानं सोडलेला रेडा परत आलाय.

एवढं टेबलावर वाचून दाखवलं की चार खेळाडूंपैकी एक जण हमखास विचारतो, ‘त्याला हिट पॉइंट किती?’ म्हणजे किती मार खाऊन तो पडतो.

विचारू दे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं होऊन गोष्ट खेळायचा खेळ 1974 साली आला तोच मुळी सैन्यं लढवण्याच्या खेळांच्या पोटातून, त्यामुळे मारामारीचे नियम त्याच्या हाडात आहेत. डीएमनं, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यानं, उत्तर तयार ठेवावं: पंचेचाळीस. पाचव्या आवृत्तीत गेंड्याचे जे आकडे आहेत तेच रेड्याला लावायचे. आर्मर क्लास (वार लागायला फाशावर किती हवेत तो आकडा) 11, हिट पॉइंट 45, वीस फूट सरळ धावत येऊन शिंग मारलं तर नेहमीच्या इजेवर आणखी दोन डी-एट (आठ बाजूंचे फासे), आणि 15 चा स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीनं तगून राहण्याचा फासा) चुकला तर माणूस आडवा. नवा प्राणी बसून घडवण्यात संध्याकाळ घालवू नये. हे आकडे असलेला मूळ नियमसंच जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे. हवे तसे वापरा, नाव बदला.

तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं हा रेडा दोन-तीन फेऱ्यांत पाडतात. घड्याळ लावून बघितलं तर अर्धा तास. पण सेशन साडेतीन तासांचं असतं. उरलेल्या तीन तासांत काय, हे ज्याच्या वहीत नाही त्याचं गाव लिहून झालेलं नाही. तो मग आणखी एक रेडा आणतो, मग रेड्यामागचा मांत्रिक आणतो, मग मांत्रिकामागचा राक्षस. गाव बिचारं पडद्यावर रंगवलेलं, तसंच मागे राहतं.

गावावरचं संकट लिहायला बसताना पहिला प्रश्न ‘काय आलंय?’ हा नसावा. ‘याची भरपाई कोणाच्या खिशातून जाणार?’ हा असावा. त्याचं उत्तर मिळालं की पात्रं, भांडणं, पुरावे, शेवट हे सगळं आपोआप त्याच्याभोवती गोळा होतं. खिशाचा प्रश्न सोडवायला आधी हिशेब लागतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नकाशाच्या आधी आकडे मांडावेत.

गावाचं नाव सातपाणी ठेवू. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला असावं तसं. त्या भागाचा भूगोल डीएमला आयता मिळालेला आहे: कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगवलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि त्याच तालुक्यात देगावच्या रानात उगवलेली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. एका डोंगराचं पाणी दोन समुद्रांना. असल्या पाणलोटाच्या कण्यावर गाव बसवलं की पाऊस, रान, गवे, दोन बाजूंच्या वाटा, सगळं न सांगता येतं. नियमपुस्तकात साधारण चालीनं दिवसाला 24 मैल, म्हणजे 38-39 किलोमीटर चालणं धरलेलं आहे. तो आकडा सपाटीचा. घाटात आणि आषाढात निम्मा धरा.

सातपाणीत घरं 60, माणसं 300. माणशी दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ धरला तर गावाला रोज 120 किलो लागतो, वर्षाला साधारण 438 क्विंटल. भाताचा तांदूळ होताना वजन दोन-तृतीयांश उरतं, म्हणजे भात हवं 657 क्विंटल. खत-औषधाशिवायच्या जुन्या शेतीला एकरी 8 क्विंटल पुरे. गावाला 85 एकर द्या: 680 क्विंटल झालं. लावणीच्या बियाण्याला एकरी 25 किलोच्या हिशेबानं 21 क्विंटल बाजूला काढले की शिल्लक काय राहते ते बघा. दोन पोती. हे गाव उपाशी नाही, श्रीमंतही नाही, ते अगदी काठावर आहे. संकटासाठी गाव असंच काठावरचं लागतं. भरल्या कणगीच्या गावाला रेड्याचं काय?

आता रेडा रोज रात्री अर्धा एकर तुडवतो. भात निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण महिना. तीस रात्री, 15 एकर, 120 क्विंटल. वर्षातले दोन महिने चुलीवर भात नाही. कुठले दोन महिने, हे खेड्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही. ज्येष्ठ-आषाढ, जेव्हा काम सगळ्यात जास्त आणि कणगी तळाला.

हे आकडे खेळाडूंना वाचून दाखवायचे नसतात. ते डीएमच्या तोंडात असावे लागतात. कोणी विचारलं, ‘पण काकू, एवढ्या मोठ्या शेतात अर्ध्या एकरानं काय होतंय?’ तर पाटलीणकाकूंनी अडखळू नये. ‘अर्धा एकर म्हणजे चार क्विंटल भात, बाबा. आमच्या घरची सहा माणसं चार महिने जेवतात त्यात.’ खरा आकडा असा झटकन आला की टेबल गंभीर होतं. (हिशेब करून बघायचा असेल तर बघा, काकू जरा वाढवूनच सांगतायत.)

यानंतर रहस्य. रेडा का तुडवतो? ‘शाप’ हे उत्तर फार स्वस्त पडतं, कारण शापाला बाजू नसते. इथे असं ठेवू: बारा वर्षांपूर्वी रेडा सोडला तेव्हा देवराई 15 एकरांनी मोठी होती. पुढे दुष्काळाच्या एका वर्षी शिवेवरचा वीरगळ रातोरात उचलून आत सरकवला गेला, रान तोडून खाचरं पाडली गेली. रेडा आपलं जुनं रान चरायला येतो. त्याला भात कळत नाही, दगड कळतो. म्हणजे तो तुडवतो ते 15 एकर आणि सरकवलेले 15 एकर एकच आहेत.

आता खिसा उघडा. हे 15 एकर आज 9 घरांच्या नावावर आहेत. उरलेली 51 घरं सहज म्हणतील, देवीचं देवीला देऊन टाका. नऊ घरं म्हणतील, रेडा मारा. आणि गोष्ट इथे संपवू नये: दगड सरकवणारी घरं त्या नऊंत फक्त तीन. बाकी सहांनी ती जमीन नंतर पैसे मोजून, दागिने मोडून घेतली, त्यांना शीव कधी हलली हेच माहीत नाही. गावातली सगळ्यात गरीब दोन घरं त्या सहांतच ठेवा. खेळाडूंनी सत्य शोधून काढल्यावर त्यांना हलकं वाटता कामा नये. सत्य कळलं, आता काय करू, असं वाटायला हवं.

दोषी ठरवायचा म्हणून रानातल्या गवळीवाड्यावरच्या माणसाला पुढे करणं हा असल्या कथांचा सर्वांत आळशी शेवट. गावाबाहेर राहतो, कमी बोलतो, म्हणून त्यानंच केलं. खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात तिकडे वळतातच. त्यांना वळू द्या, आणि सगळ्यात कामाची माहिती त्याच्याकडेच ठेवा.

नकाशासाठी आलेख कागद घ्यावा. एक चौकोन म्हणजे अर्धा एकर. 85 एकरांचे 170 चौकोन, दहा रुंद आणि सतरा लांब. देवराईच्या कडेचे तीस चौकोन, पाच रकाने आणि सहा ओळी, हे सरकवलेलं रान. डीएमच्या प्रतीत ते पेन्सिलीनं फिकट, खेळाडूंच्या प्रतीत काहीच नाही. खेळातली प्रत्येक रात्र उलटली की दोन फासे टाका, डी-सिक्सनं ओळ आणि डी-टेनचा अर्धा करून रकाना. आलेल्या चौकोनावर खेळाडूंच्याच हातानं लाल खूण करून घ्या. तोच चौकोन परत आला तर शेजारचा. पात्रं गावात येतात तेव्हा चार खुणा आधीच झालेल्या असाव्यात. चार खुणांत काही दिसत नाही. सातव्या-आठव्या खुणेला एखादा खेळाडू कागद जवळ ओढतो. त्या क्षणी डीएमनं पाणी प्यायला उठावं, मध्ये एक शब्द बोलू नये.

एक चौकोन मुद्दाम चुकीचा टाकता येतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला, गव्यांनी खाल्लेला. पण एकच. खूर वेगळे, घुंगरांचा आवाज नाही, आणि भात तुडवलेलं नाही तर खाल्लेलं. दोन-तीन असे चौकोन टाकले की आकृतीच मोडते, आणि खेळाडू ‘हे सगळं रँडम आहे’ म्हणून कागद बाजूला सारतात. तो कागद ते पुन्हा जवळ घेत नाहीत.

पुराव्यांबद्दल एक गणित कायम लक्षात ठेवावं. पात्राचा बोनस 2, लक्ष्य 15. म्हणजे फाशावर 13 किंवा जास्त हवेत. वीसपैकी आठ बाजू, 40 टक्के. रहस्याचं दार अशा एका फाशावर टांगलं तर दहातल्या सहा टेबलांवर ते उघडत नाही, आणि डीएम घाम पुसत ‘बरं, परत एकदा टाका’ म्हणतो. एकाच निष्कर्षाकडे नेणारे तीन वेगवेगळे पुरावे ठेवले तर निदान एक सापडण्याची शक्यता 78 टक्क्यांवर जाते. बरीच बरी, पण पाचातलं एक टेबल अजून अडतंच. म्हणून तीनपैकी एकाला फासाच लावू नये. नीट विचारलं की मिळालं, एवढंच.

‘शीव हलली आहे’ या एका गोष्टीकडे सातपाणीत तीन वाटा जातात. पहिली वीरगळाची. बेळगाव-खानापूरच्या खेड्यांतून देवळामागे, तळ्याच्या काठाला हे दगड उभे असतात, शेंदूर लागलेले, कधी कपडे धुवायला आडवे पडलेले. वीरगळाचे बहुधा तीन कप्पे: तळाला लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. सातपाणीच्या दगडात अप्सरा गुडघ्यापर्यंत मातीत बुडालेल्या आहेत. लढाईचा कप्पा दिसतच नाही. ज्याला वीरगळाची रचना ठाऊक आहे त्याला लगेच कळतं की दगड उपटून घाईत, गरजेपेक्षा खोल पुरलाय. हिस्टरीचा 15 चा फासा. खणून काढला तर तळाच्या कप्प्यात माणूस आणि रेडा, आणि ते लढत नाहीत, शेजारी उभे आहेत.

दुसरी वाट गाऱ्हाण्याची. देवीपुढे गाऱ्हाणं घालताना गुरव गावाच्या सात खुणांची नावं घेतो: वड, तळं, पायरी, जोडआंबा, झरा, गवळ्याचा कट्टा, वीराचा दगड. खेळाडूंनी त्या क्रमानं शीव चालून बघितली तर सहावी खूण झाली की सातवी समोर हवी. ती नसते. ती दीडशे पावलं आत असते. इथे फासा नाही, चालायचं फक्त.

तिसरी गवळ्याकडे. गुरांची जुनी वाट दगडाच्या डाव्या अंगानं जायची, आता उजव्या अंगानं जाते. ‘वाट कुठं हललीय ओ, दगूड हललाय,’ एवढंच तो म्हणेल. पण म्हणेल केव्हा? अनोळखी माणसाशी बोलतानाचा कल दोन डी-सिक्सवर ठरवण्याची जुनी रीत इथे छान चालते. बेरीज 2 आली तर दार बंद. 3 ते 5 तुटक. 6 ते 8 जेवढ्यास तेवढं. 9 ते 11 मोकळा. 12 आली तर ताक देऊन बसवून घेतो. छत्तीस शक्यतांपैकी सोळा मधल्या खान्यात पडतात, म्हणून बहुतेक माणसं बहुतेक वेळा माणसांसारखीच वागतात. खेळाडूनं आधी गुरांची चौकशी केली तर बेरजेत 2 मिळवा.

बेळगावच्या टेबलाला एक गोष्ट फुकटात मिळते जी पुण्याच्या टेबलाला मिळत नाही: दोन भाषा. वीरगळावर दोन ओळींचा लेख आहे असं ठेवा आणि तो खेळाडूंच्या हातात खरोखर कन्नड लिपीत लिहून द्या. चार जणांत कोणाची कन्नड शाळेत झालेली असते, कोणाला बसच्या पाट्या वाचण्यापुरती येते, कोणाला ऐकलेली कळते पण वाचता येत नाही. मग टेबलावर जे होतं ते कुठलीही भाषा समजवणाऱ्या ‘कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस’ मंत्रापेक्षा मजेचं असतं. पात्राला येते की नाही हा वाद कोणी काढलाच तर खेळाडूला येते म्हणजे पात्राला येते, असा निकाल देऊन मोकळं व्हावं. मात्र दोन राज्यांच्या सीमेवरचं गाव, दोघांचे वसुली कारकून, कर कोणाला द्यायचा, ही कल्पना कितीही मोहात पाडो, इथे जपून. फाशांचा खेळ कधी संपला आणि 1956 चा सीमावाद कधी सुरू झाला ते कळत नाही, आणि मग त्या रात्री रेडा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

देवीचंही तसंच. बेळगावच्या आसपास लक्ष्मीयात्रा कुठे पाच-सात वर्षांनी, कुठे बारा, कुठे त्याहून अधिक वर्षांनी भरते. घरं रंगतात, माहेरवाशिणी येतात, वार पाळले जातात, लाकडी रथ ओढला जातो, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा होतो. टेबलावरच्या एखाद्याच्या गावात यंदाच यात्रा असू शकते. म्हणून सातपाणीची देवी सातपाणीचीच असावी, नाव बनवलेलं, कुठल्या खऱ्या गावाच्या देवीचं नव्हे. रीत मात्र खरी घ्या. वार पाळण्याचा नियम तर खेळाच्या दृष्टीनं सोनं आहे: मंगळवारी आणि शुक्रवारी शेतात कोणी उतरायचं नाही. म्हणजे आठवड्यातल्या दोन रात्री राखण नाही, साक्षीदार नाही, आणि खेळाडूंना शिवारात जायचं असेल तर तेव्हाच मोकळीक. अर्थात कोणी बघितलं तर सकाळी चावडीवर उत्तर द्यायचं.

आता मंत्र. गावाचं संकट बहुतेक वेळा तलवारीनं मोडत नाही, मंत्रानं मोडतं, आणि नवखा डीएम इथेच फसतो. सातपाणी तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांसाठीच ठेवावं, याला ठोस कारण आहे. पाचव्या लेव्हलला ड्रुइडच्या (रानाचे मंत्र जाणणाऱ्या पात्राच्या) हाती ‘प्लँट ग्रोथ’ येतो: आठ तास बसून मंत्र टाकला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतलं पीक वर्षभर दुप्पट. पंधरा एकर देवीला दिले, उरलेल्या सत्तरात एकशेचाळीसाचं पीक, जय हरी विठ्ठल, घरी चला. त्याच लेव्हलला क्लेरिकला (देवाच्या पुजारी पात्राला) मेलेल्या माणसाला पाच प्रश्न विचारता येतात, म्हणजे दगड कोणी हलवला हेही गेलं. तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडचा ‘गुडबेरी’ मात्र घाबरण्यासारखा नाही. एका मंत्राच्या दहा बेरी, एका बेरीवर एक माणूस दिवसभर. ड्रुइडनं दिवसाचे सहाही स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) त्यातच ओतले तर साठ माणसं जेवतात. गाव तीनशेचं आहे. साठ कोण, हे मग त्यालाच ठरवू द्या. तेवढ्यावर अर्धा तास आणि एक मैत्री खर्ची पडते.

‘स्पीक विथ ॲनिमल्स’ मात्र पहिल्याच लेव्हलला मिळतो, आणि तो वापरला जाणारच. तो अडवायला म्हणून रेड्याला दैवी प्राणी ठरवू नये. खेळाडूला ते लगेच कळतं, आणि त्यानंतर तो डीएमच्या कशावरच विश्वास ठेवत नाही. रेड्याला बोलू द्या, रेड्याच्या बुद्धीनं. त्याला जमीन, मालकी, दगड कोणी हलवला यातलं काही ठाऊक नाही. ‘इथं गवत होतं. आता टोचतं. पाणी सरकलंय.’ एवढीच तीन वाक्यं. मंत्र वाया गेला असं वाटत नाही आणि उत्तरही हातात पडत नाही.

माणसं सात पुरेत. पाटलीणकाकू, गुरव, गंगाक्का, गवळी, दगड सरकवणाऱ्यांपैकी एक तात्या, दागिने मोडून जमीन घेतलेली एक तरुण बाई, आणि शिकाऱ्याला बोलवा म्हणून गावभर फिरणारा एक भाचा. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूचे सात तुकडे करून प्रत्येकावर तीन ओळी: हवं काय, भीती कशाची, खोटं कुठलं बोलतो. नावं ठेवताना पहिली अक्षरं वेगळी ठेवा. गंगाक्का आणि गौराक्का एकाच गावात असल्या की दुसऱ्या तासाला डीएमचीच गल्लत होते. तात्याचं खोटं फार चतुर नसावं. ‘दगूड? तो माझ्या आज्यापासनं तिथंच हाय की.’ पण गाऱ्हाणं त्यालाही पाठ आहे, आणि त्याच्यासमोर खुणा मोजायला घेतल्या की तो सहावीला थांबतो.

संकट पुढे सरकवणारं एक घड्याळ वहीत आखा: त्याला सहा घरं, प्रत्येक घर पाच रात्रींचं. पहिल्यात राखण दुप्पट. दुसऱ्यात माळा कोसळून एकाचा पाय मोडतो, आणि लावणीला धरलेला गडी वर्षभरासाठी गेला. तिसऱ्यात भाचा शिकारी आणतो. चौथ्यात कोणीतरी देवराईतल्या झऱ्याला विष घालतं, आणि तो झरा गाऱ्हाण्यातला आहे, शिवाय गावाच्या तळ्याला तोच भरतो. पाचव्यात गुरं मरतात. सहाव्यात कापणी, जी काय उरली असेल ती. खेळाडू झोपले, भटकले, भांडले तरी घर पुढे सरकतं. खेळाडूंनी काही केलं तर ते बदलतं, पण थांबत नाही. ज्या गावात पाहुणे येईपर्यंत काळ थांबलेला असतो ते गाव खेळाडूंना बरोबर ओळखू येतं.

शेवटची बैठक. इथे बहुतेक डीएम हरतात, कारण गावची सात माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, म्हणजे डीएम एकटाच सात आवाजांत वीस मिनिटं बोलतो आणि खेळाडू फोन काढतात. दशावतारात एक नट एका वेळी एकच सोंग घेतो. संहिता नसते, पण समोरच्याला बोलायला जागा सोडणं असतं. तेवढं पाळा. गावातल्या दोघांनी एकमेकांशी जास्तीत जास्त दोन वाक्यं, तिसरं वाक्य खेळाडूकडे वळून. ‘तुम्ही पाहुणे माणसं, तुम्हीच सांगा ओ.’

आणि टेबलावर साठ चिंचोके ठेवा. साठ घरं. सुरुवातीला सव्वीस एका ढिगात, रान परत द्या. चौदा दुसऱ्यात, रेडा मारा. वीस मधे, घाबरलेले. खेळाडूच्या बोलण्यात नवं काही आलं, पुरावा आला, तोड आली, की फासा. लक्ष्य 10 सोपं, 15 मध्यम, 20 अवघड, आणि जमलं तर पाच चिंचोके हलतात. नुसती कळकळ केली तर एक. तोड कुठली काढतील ते आधी ठरवू नये. एकानं सुचवावं की नऊ घरांना गायरानातून जमीन द्या. मग गवळी विचारतो, माझी गुरं कुठं चरू? दुसरा म्हणेल साठ घरांनी मिळून नऊंना धान्य द्यावं. 120 क्विंटल भाग साठ, घरामागे दोन क्विंटल. एकदा चालेल. दर वर्षी? हिशेब आधीच वहीत असल्यानं डीएमला इथे सुचावं लागत नाही, फक्त भागाकार करावा लागतो.

रेडा आधीच मारून टाकला असेल तर? बैठक तरी होतेच, फक्त खेळाडू आरोपी म्हणून बसतात, आणि ढीग उलटे होतात. नऊ घरं त्यांच्या बाजूनं, एक्कावन्न विरुद्ध. यात्रा जवळ आलेली, देवीपुढे काय न्यायचं? हे दृश्य लिहून ठेवलेलं नसेल तर डीएम कळत-नकळत रेड्याला वाचवायला लागतो, आर्मर क्लास हळूच 16 करतो. ते करू नये. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस.

गावाकडे द्यायला सोनं नाही. बक्षीस म्हणून तांदळाचं अर्धं पोतं, तात्याकडची एक जुनी कट्यार आणि यात्रेत रथाच्या दोराला पहिला हात लावायचा मान, एवढंच. तिन्हीत खेळाडू कशावरून भांडतात ते बघण्यासारखं असतं.

नकाशा टाकून देऊ नये. पुढल्या सेशनला खेळातलं वर्ष उलटलेलं असेल, पाऊस पडून गेलेला असेल. लाल खुणा पेननं चालतील, पण कुठलं खाचर कोणाच्या नावावर ते पेन्सिलीनंच लिहिलेलं बरं.